दोष आज्ञावलीचा, माणसाचा नव्हे

लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यांनी लिहावयास घेतला. आज्ञावली सर्वांस खुली असल्याने देशोदेशींचे लोक तीत दुरुस्त्या सुचवू लागले. प्रत्येक दुरुस्तीचे परीक्षण चारचौघांत, लेखी होते. अडचण उद्भवली ती येथेच. सदोष काम परत करताना कित्येकदा ते करणाऱ्याच्या बुद्धीचाही उद्धार होई. स्वतः टॉर्वाल्ड्स यांची लेखणीही त्यात मागे नव्हती.

परीक्षण कठोर असावे, यात वाद नाही. अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत हाच गाभा चालतो; तेथे भिडेखातर चूक पदरात घेणे परवडणारे नाही. परंतु 'येथे घेतलेली मेमरी मोकळी केलेली नाही' असे लिहिल्याने चूक सुधारते, 'तुम्हांस अक्कल नाही' असे लिहिल्याने नव्हे. (फायलींवर शेरे लिहिणाऱ्यांस हा भेद अपरिचित नसावा.) नवखा स्वयंसेवक वेतनाने बांधलेला नसतो. अपमान झाल्यास तो तक्रार न करता निघून जातो, आणि ही हानी कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही.

२०१५ सालच्या त्रोटक संहितेत टीका सोसण्याची तयारी ठेवावी, हाच सूर अधिक होता. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉर्वाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ काम थांबविले. त्याच सुमारास नवी आचारसंहिता लागू झाली. वैयक्तिक हल्ले, अपमानकारक शेरे व छळ यांस तीत मनाई असून तक्रार कोठे करावी हेही नमूद आहे. गुणवत्ता ढासळेल, अशी भीती काहींनी व्यक्त केली. टॉर्वाल्ड्स ऑक्टोबरमध्ये परतले. सदोष दुरुस्त्या आजही परत पाठविल्या जातात.