मयेची महामाया, मुळगावची केळबाय आणि निबंधाची वही

'माझा गाव' या विषयावर गोव्यातल्या मयेच्या एखाद्या मुलाला निबंध लिहायला सांगा. तो लिहील: गाव निसर्गरम्य आहे, मोठा तलाव आहे, पर्यटक येतात, मला माझा गाव फार आवडतो. नावं बदलली तर हाच निबंध पेडण्यातल्या कुठल्याही गावाला लागू पडेल. पण तोच मुलगा आजीकडून ऐकलेली सात देवी-बहिणींची गोष्ट न अडखळता सांगतो. मग सांगायला इतकं असूनही ते कागदावर का उतरत नाही? मोबाइल, ध्वनिमुद्रण, चित्र आणि नकाशा यांच्या आधाराने लेखन शिकवण्याचा विचार याच प्रश्नातून सुरू होतो. त्याबद्दल शाळांत आणि घरांत काही समज मात्र घट्ट बसले आहेत.

पहिला समज असा की उपकरण हातात आलं की लेखन सुधारतं. गोव्यात 'सायबरएज' योजनेखाली अकरावी-बारावीच्या मुलांना संगणक मिळाले, त्याला आता वीसहून अधिक वर्षं झाली. यंत्र घरी येणं गरजेचंच आहे, पण यंत्र आल्याने लेखन आपोआप येत नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 साली चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र करून तपासले. संगणकावर लिहिल्याचा परिणाम (आकडा जितका मोठा तितकी सुधारणा जास्त) 0.55 इतका दिसला, तर आराखडा कसा करावा, मसुदा कसा तपासावा, कसा बदलावा या रीती उघडपणे शिकवल्याचा परिणाम 0.82. व्याकरण लेखनापासून तोडून वेगळं शिकवलं, तिथे परिणाम चक्क उणे निघाला. या शेवटच्या आकड्याकडे आपल्या शाळांनी नीट पाहायला हवं.

दुसरा समज अधिक खोल आहे: चित्र आणि आवाज म्हणजे सजावट, खरा निबंध शब्दांचा. 1996 साली 'न्यू लंडन ग्रुप' या अभ्यासकांच्या गटाने याच्या उलट मांडणी केली. शब्द, चित्र, ध्वनी, हावभाव आणि जागेची रचना ही सगळी अर्थ घडवण्याची साधनं आहेत आणि ती शाळेने शिकवली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या भागाला हे परकं नाही. पेडण्याची सीमा ओलांडून कुडाळकडे गेलं की पिंगुळी लागतं. तिथले ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पेडण्यात रात्र जागवणाऱ्या दशावताराचे संवादही पाठ केलेल्या संहितेतून येत नाहीत. कथानक ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो आणि बोलणं रंगमंचावर घडतं. काय आधी, काय नंतर, कुठे थांबायचं हे ठरवणं म्हणजेच रचना, आणि निबंधात मुलांना नेमकं तेच जमत नाही.

आता सात बहिणींकडे येऊ. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिलाग्रीस सायबीण... गाव बदलला की तपशील बदलतो. मुलांनी दोन घरांतल्या वडीलधाऱ्यांची सांगणी मोबाइलवर टिपावी. मग गोव्याच्या नकाशावर देवींची गावं मांडावी आणि देवळाचं एकच छायाचित्र निवडावं. त्यानंतर लिहायला बसावं. दोन सांगण्यांत फरक आहे, मग कुठलं घ्यायचं? की दोन्ही ठेवून फरक दाखवायचा? गावं नकाशावर आहेतच, तर ती परिच्छेदात पुन्हा मोजायची का? छायाचित्र जे दाखवतं ते वाक्यात कशाला? हे प्रश्न पडले की 'निसर्गरम्य' हा शब्द आपोआप गळतो, कारण आता मुलाकडे सांगण्यासारखं काही नेमकं असतं.

घरी कोंकणी बोलतात म्हणून मराठी लेखन कच्चं राहतं, हा समज मला सगळ्यांत जास्त खुपतो. आजी बोलणार कोंकणीतच, आणि मुलाने आधी तेच नीट ऐकावं. मग ते मराठीत लिहिताना त्याला दोन्ही भाषांची घडण कळते. कुठे क्रियापद बदलतं, कुठला शब्द तसाच ठेवला तर रंगत वाढते, हे त्याच्या लक्षात येतं. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय 2017 पासून फोनवर आहे, पण बोलणं जसंच्या तसं उतरलं म्हणजे लेख झाला नाही. बोलण्यातली पुनरुक्ती काढणं, तुटलेली वाक्यं जोडणं आणि परिच्छेद पाडणं हे काम उरतंच, आणि शिकवण्याची खरी जागा तीच.

टायपिंगने अक्षर आणि शुद्धलेखन बिघडतं, असंही म्हणतात. रोमन अक्षरं टाकून मराठी मिळवण्याची सवय लागली तर ही भीती थोडी खरी आहे, कारण मूल मराठी शब्द इंग्रजी स्पेलिंगमधून आठवू लागतं. त्याला उपाय इनस्क्रिप्ट कळफलक. त्यात मुख्यतः डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, ल च्या कळीवर ळ आणि र च्या कळीवर 'दऱ्या'तला ऱ. वर्णमाला माहीत असलेल्या मुलाला हे पटकन उमगतं, आणि देवनागरी कोंकणीलाही हाच कळफलक चालतो. हाताने लिहिणं मात्र सोडू नये. पहिला कच्चा आराखडा वहीत आणि बदल पडद्यावर, अशी वाटणी मला योग्य वाटते.

यासाठी प्रयोगशाळा लागते, हेही खरं नाही. एका वर्गाला शिक्षकांचा एक फोन पुरतो. चार मुलांचा गट केला तर एक ऐकून टिपून घेतो, एक नकाशा काढतो, दोघं मसुदा लिहितात आणि पुढच्या वेळी कामं बदलतात. गुण देताना तीन गोष्टी पाहाव्या: चित्र किंवा आवाज शब्दांत नसलेलं काही सांगतो का, दुसऱ्या मसुद्यात काय बदललं आणि ते का बदललं. ज्यांचं बोलणं टिपलं त्यांची आधी परवानगी घ्यावी, लेख पूर्ण झाल्यावर त्यांना तो वाचून दाखवावा, आणि त्यांनी 'हें अशें न्हय' म्हटलं तर तिसरा मसुदा करावा.