गोळी आणि डास

डेंग्यूतून उठलेली माझी बहीण म्हणाली, “मी तर रोज ‘ब’ जीवनसत्त्वाची गोळी घेत होते. मला डास चावलाच कसा?” हा समज आला कुठून, ते मी शोधू लागलो.

मूळ सापडले अमेरिकेत. १९४३ साली मिनेसोटातील बालरोगतज्ज्ञ शॅनन यांनी लिहिले, की थायमिन, म्हणजे ‘ब-१’, दिलेल्या मोजक्या रुग्णांना डासांचा त्रास कमी झाला. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत तसे काही आढळले नाही. १९८५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटातून घ्यायच्या डासरोधकांना मान्यता नाकारली.

डासाची मादी आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा गंध यांच्या मागावर येते. गोळीने यातले काहीच लपत नाही. जादा ‘ब-१’ लघवीवाटे निघून जाते. तरी समज टिकतो, कारण डास न चावलेली संध्याकाळ आपण गोळीच्या खात्यावर जमा करतो आणि चावलेली विसरतो.

याच भरवशावर बहिणीने दिवसा मलम लावणे सोडले होते. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः दिवसाच चावतो. आता तिच्याकडे कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला घासून कोरड्या होतात.