लहान होडीसाठी जेट यंत्रणा : घ्यावी की टाळावी?

बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारख्या जलाशयांत मासेमारी हा शेतीला चांगला जोडधंदा आहे. वल्ह्याच्या होडीला इंजिन बसवायचे ठरल्यास पंखा घ्यावा की जेट, हा प्रश्न पडतो. निवड चुकल्यास हंगामाची कमाई इंजिनात अडकते. म्हणून दोन्ही बाजू समजून घ्याव्यात.

जेट म्हणजे काय?

आपल्या विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. जेट हाही एक पंपच आहे. होडीच्या तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते व मागील निमुळत्या तोंडातून जोराने बाहेर फेकले जाते. त्या धक्क्याने होडी पुढे सरकते. तोंड वळवले की होडी वळते. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात उथळ नद्यांसाठी ही पद्धत विकसित केली. १९७७ साली सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून हिमालयाच्या दिशेने गंगेतून जो प्रवास केला, तो जेट बोटींनीच.

फायदे

१) पंखा तळाखाली लोंबत नाही. त्यामुळे वेगात असलेली होडी उथळ पाण्यावरूनही जाते.
२) दगडावर किंवा बुडालेल्या खुंटावर आपटून पाते मोडण्याची भीती नसते.
३) पाण्यातील माणसाला किंवा जनावराला उघड्या पात्याची इजा होत नाही.

तोटे

१) बाहेर लावायच्या जेट इंजिनात सुमारे ३० टक्के शक्ती वाया जाते. ४० अश्वशक्तीचे इंजिन जेटवर साधारण २८ अश्वशक्तीचेच काम देते. संथ चालीत व जड ओझ्याखाली इंधनाचा खर्च आणखी जाणवतो.
२) फूटव्हॉल्व्हची जाळी कचऱ्याने तुंबते, तशीच जलपर्णी, शेवाळ व जाळ्याची सुटी दोरी जेटच्या तोंडाशी अडकते. ती काढल्याशिवाय होडी हलत नाही.
३) वाळूमुळे पंपाचा पंखा झिजतो, तसाच जेटचाही झिजतो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठाजवळ गाळ व वाळू ओढली जाण्याचा धोका वाढतो.
४) इंजिनाचा वेग एकदम कमी केल्यास पाण्याचा झोत मंदावतो व होडी नीट वळत नाही. नवख्या चालकाने हे विशेष ध्यानात ठेवावे.
५) किंमत जास्त असून दुरुस्तीचा कारागीर जवळपास सहज मिळत नाही.

काय करावे?

जाळे टाकणे व उचलणे हे संथ चालीचे काम आहे. त्यासाठी जेटचा वेग उपयोगी पडत नाही. जवळच्या अंतरासाठी वल्हेच पुरेसे आहे. जलाशय मोठा असल्यास वर उचलता येणारे, पंख्याचे लहान इंजिन घ्यावे. पंख्यात दोरी अडकली तर इंजिन बंद करून, पंखा वर घेऊन ती कापता येते.

जेटचा खरा उपयोग बचावकार्यात आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांनी पूर अनुभवला. अशा वेळी बुडणाऱ्या माणसाजवळ होडी नेताना उघडे पाते नसणे मोलाचे ठरते. मात्र पुरात काडीकचरा फार असतो. त्यामुळे अशी बोट प्रशिक्षित पथकानेच चालवावी.

इंजिन कोणतेही असो, होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे. धरणाचे पाणी पिण्यासाठीही वापरले जाते, म्हणून तेल सांडू देऊ नये. संस्थेने खरेदीपूर्वी आपल्याच जलाशयात, जलपर्णी व उथळ काठ असलेल्या जागी, इंजिन चालवून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.