रंगाखालचे आंकडे

वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची मोटारसायकल अडगळींतून बाहेर काढून तिला पुन्हां नवें रूप देण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांतून दिसूं लागली आहे. असें काम निघालें म्हणजे मालकाची दृष्टि प्रथम रंगाकडे वळते. टाकीवरची सोनेरी रेघ, चाकांचा क्रोम, सांगाड्याचा काळाभोर तुकतुकीतपणा यांचा खल आठवडेच्या आठवडे चालतो. सांगाड्यावर ठोकलेले पांचसात आंकडे मात्र या खलांत सहसा येत नाहींत. त्यांची आठवण होते ती बहुधा फार उशिरां, म्हणजे सांगाडा भट्टींतून चकचकीत होऊन घरीं आला आणि आंकडे कोठें सांपडेनात, तेव्हां. बिघडलेला रंग खरवडून पुन्हां देतां येतो. गेलेले आंकडे कोणीं पुन्हां ठोकले तर वाचतां येतील, परंतु त्यांस पुराव्याची किंमत राहणार नाहीं.

या आंकड्यांची योग्यता कळण्यासाठीं इंग्लंडांतील ट्रायम्फ गाड्यांचा दाखला घेण्यासारखा आहे. कॉव्हेंट्री शहरांतील ट्रायम्फचा कारखाना नोव्हेंबर १९४० मधील बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झाला. १९४२ पासून मेरिडन या गांवीं नव्या कारखान्यांत काम सुरू झालें, आणि १९८३ मध्यें तोहि बंद पडला. एखादी गाडी कोणत्या सालीं व कोणत्या नमुन्याची म्हणून बाहेर पडली हें सांगणारे साक्षीदार आतां दोनच: कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आणि गाडीचें लोखंड. वह्या १९४६ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबानें सांभाळल्या आहेत. लोखंड सांभाळणें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.

ट्रायम्फच्या सांगाड्याचा क्रमांक पुढच्या नळीवर, म्हणजे हॅण्डलचा दांडा जींत फिरतो त्या नळीवर, डाव्या अंगास असतो. इंजिनाचा क्रमांकहि डावीकडेच, सिलिंडरच्या बुडाखालीं. १९६९ च्या नमुन्यांपासून आंकड्यांच्या आधीं दोन अक्षरें येऊं लागलीं. पहिलें महिन्याचें, दुसरें वर्षाचें. 'सी' म्हणजे १९६९, 'डी' म्हणजे १९७०, 'ई' म्हणजे १९७१, आणि 'एफ' गाळून 'जी' म्हणजे १९७२. त्याच सुमारास इंजिनावर क्रमांकाच्या जागीं ट्रायम्फच्या नांवाची बारीक नक्षी उठवून तिच्यावर आंकडे ठोकण्याची युक्ति निघाली. चोरानें कानस फिरविली तर आंकड्यांबरोबर नक्षीहि जाते आणि लबाडी उघडी पडते. दुर्दैव असें कीं, इंजिन आरशासारखें दिसावें म्हणून हौसेनें पॉलिशचें चाक लावणारा सज्जन मालकहि नेमकी हीच नक्षी पुसून टाकतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या नजरेंत संशयास पात्र होतो.

व्हिन्सेंटच्या युद्धोत्तर काळांतील दोन सिलिंडरांच्या गाड्यांत तर सांगाड्याचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकाहून १९०० नें अधिक असतो. इंजिनावर ५००० असेल तर सांगाड्यावर ६९०० हवा. ही वजाबाकी जुळली म्हणजे दोघांची जोडी कारखान्यांतलीच आहे असें धरावयास मोठा आधार मिळतो, आणि त्यावरून गाडीचें मोल पुष्कळच बदलतें. एक आंकडा बुजला कीं वजाबाकीच खुंटते.

भारतांत ही गोष्ट शौकिनांपुरती राहत नाहीं. नोंदणीच्या अर्जांत चेसिस क्रमांक नुसता लिहून भागत नाहीं. त्याचा पेन्सिलीनें उठविलेला छाप चिकटवावा लागतो. वडील वारल्यावर गाडी मुलाच्या नांवावर करावयाची असो कीं दुसऱ्या प्रांतांत न्यावयाची असो, कागदावरचा क्रमांक व लोखंडावरचा क्रमांक ताडून पाहण्याचा प्रसंग येतोच. लोखंड कोरें निघालें तर घरांत तीन पिढ्या वावरलेली गाडीहि बेवारशी किंवा चोरीची ठरण्याचें भय असतें. २०२१ च्या नियमांनीं पहिल्या नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षें झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं 'व्हीए' या अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली; तींतहि गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, सांगाड्यांत व इंजिनांत फेरफार नसावा, अशी अट आहे.

हे आंकडे जातात ते बहुतेक वेळां कोणाच्याहि दुष्ट हेतूवांचून. ठोकलेला ठसा मिलिमीटरच्या कांहीं थोड्या दशांशांइतकाच खोल असतो, आणि त्यांतला कांहीं भाग गंजानें अगोदरच खाल्लेला असतो. अशा जागेवर दाबाच्या हवेनें कठीण रेतीचा मारा केला तर आंकड्यांच्या कडा झिजतात. त्यानंतर गुळगुळीतपणासाठीं झटणारा रंगारी, त्या खाचा म्हणजे जुने ओरखडेच असें समजून, त्यांत लांबी भरतो व वर सरेस कागद फिरवितो. शेवटीं पावडर कोटिंगचा थर बसतो. हा थर सामान्यतः ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड असतो, आणि सुमारें १८० ते २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत वितळून खाचांतून पसरतो. जुन्या पद्धतीचें भट्टींत भाजलेलें एनॅमल याहून पातळ बसतें व त्याखालचे आंकडे वाचतां येतात. पावडर टिकाऊ खरी, परंतु क्रमांकाच्या जागीं ती नसलेलीच बरी.

म्हणून सांगाडा कारखान्यांत धाडण्यापूर्वींच घरीं थोडें काम उरकावें लागतें. क्रमांकाच्या जागेवरचा रंग कानशीनें किंवा तारेच्या फिरत्या चाकानें काढूं नये. रंग सोडविणारें रसायन लावून मऊ पितळी ब्रशानें हलकेंच काढावा. गंज असल्यास फॉस्फोरिक आम्लाचा सौम्य हात पुरतो. मग दिव्याचा प्रकाश एका बाजूनें तिरपा पाडून छायाचित्र घ्यावें. समोरून पाडलेल्या प्रकाशांत जे आंकडे दिसत नाहींत ते तिरप्या प्रकाशांत सावलीमुळें स्पष्ट उठतात. त्याखेरीज पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल घासावी व छाप घ्यावा. या छापांत आंकड्यांचा तिरकेपणा, दोनदां बसलेला ठोका, एखाद्या सातीची तुटकी शेपटी हीं सारीं उतरतात. हातानें ठोकलेले आंकडे क्वचितच एका ओळींत असतात. फार सरळ ओळ दिसली तर जाणकार उलट बारकाईनें पाहूं लागतो.

रेतीच्या माऱ्यापूर्वीं त्या जागेवर जाड रबराचा तुकडा चिकटपट्टीनें घट्ट बसवावा. एकेरी कागदी पट्टी माऱ्याखालीं कांहीं क्षणांत फाटते. भट्टींत मात्र रबर चालत नाहीं, तेथें उष्णता सोसणारी पॉलिएस्टरची किंवा सिलिकोनची पट्टी लावावी लागते. क्रमांक कोठें आहे हें कारखानदारास तोंडी सांगून थांबूं नये. सांगाड्याला चिठ्ठी बांधून त्या जागेवर लांबी भरूं नये, घासूं नये असें स्पष्ट लिहून द्यावें. कारण ज्याच्याशीं बोलणें होतें तो आणि प्रत्यक्ष काम करणारा हे बहुधा एक नसतात. परत आल्यावर उघड्या राहिलेल्या जागेवर अस्तराचा व त्याच रंगाच्या एनॅमलाचा एकेक अगदीं पातळ हात ब्रशानें द्यावा, म्हणजे गंजहि चढत नाहीं व आंकडेहि बुजत नाहींत.

आंकडे आधींच पुसट झालेले असतील तर बाजारांतून ठसे आणून ते खोल करण्याचा मोह टाळावा. हेतु कितीहि चांगला असला तरी तो क्रमांकांत केलेला फेरफारच होय. अशा वेळीं शास्त्राचा एक आधार आहे. ठसा ठोकतांना खाचेखालचें पोलादहि दाबलें जातें, आणि वरचा भाग झिजला तरी हा दाबलेला थर कांहीं खोलीपर्यंत शिल्लक राहतो. गुन्हेतपासणीच्या प्रयोगशाळांत त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल व क्युप्रिक क्लोराइड यांचें मिश्रण लावतात. दाबलेला व न दाबलेला भाग यांवर त्याची क्रिया सारखी होत नाहीं, आणि त्या फरकांतून नाहींसे झालेले आंकडे पुन्हां दिसूं लागतात. हें काम घरच्या प्रयोगाचें नव्हे. मालकानें जुनीं कागदपत्रें, छायाचित्रें व पेन्सिलीचा छाप घेऊन प्रथम परिवहन कार्यालयांत जावें आणि तेथील लेखी परवानगी हातीं आल्यावरच सांगाड्यास हातोडी लागूं द्यावी. तोंवर रंगाचें काम थांबलें तरी चालेल.