पाण्यावर गार ठेवलेला संगणक

विजेचे यंत्र आणि पाणी यांची गाठ पडू देऊ नये, हे आपण पोरांना लहानपणापासून बजावत आलो आहोत. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला शिवू नकोस, हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे शेतकऱ्याचे घर सापडणे कठीण. आता हीच पोरे नववी-दहावीत आली, की मोबाइलवर काचेच्या पेटीतला संगणक दाखवतात. आत रंगीत नळ्या, नळ्यांतून फिरणारे पाणी. आणि विचारतात, “सर, हे चालतं कसं? आपल्याला करता येईल का?” तेव्हा अशा संगणकाची पहिली जुळणी करायची तर आधी कागदावर कोणता हिशेब मांडावा, ते आज पाहू.

संगणकाच्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो. आकडेमोडीचे मुख्य काम त्याचे. त्याच्या आतला सिलिकॉनचा तुकडा बहुधा दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. जोराचे काम चालू असताना मोठा प्रोसेसर २०० वॅट वीज सहज खातो, आणि खाल्लेल्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. घरातली १,००० वॅटची विजेची शेगडी घ्या. तिची तापणारी तबकडी २५० चौरस सेंटिमीटरची धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला ४ वॅट पडतात. प्रोसेसरमध्ये पडतात १००. शेगडीच्या पंचवीसपट दाटीने साठणारी ही उष्णता तिथून हलवायची, एवढाच हा सगळा खटाटोप आहे.

त्यात ओव्हरक्लॉकिंगची भर. प्रोसेसरला ताल धरून देणारे एक घड्याळ असते आणि त्याचे ठोके सेकंदाला चार-पाच अब्ज पडतात. कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा हे ठोके वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. सगळेच प्रोसेसर ही मुभा देत नाहीत. इंटेलचे साधारणपणे नावापुढे ‘के’ अक्षर असलेले देतात, एएमडीच्या रायझन मालिकेतले बहुतेक देतात, आणि मदरबोर्डही त्या जोगता लागतो. या प्रयोगात काही जळाले तर ते सहसा कंपनीच्या हमीत बसत नाही, हेही आधीच समजून असावे.

आता शिक्षकांनी फळ्यावर मांडावे असे गणित. प्रोसेसरची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके दहा टक्क्यांनी वाढवले आणि ते निभावण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवावे लागले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३१. काम वाढले दहा टक्के, उष्णता वाढली तेहतीस टक्के! खरे सांगायचे तर आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच जवळजवळ शेवटच्या गतीला ताणून येतात. पूर्वीसारखी भरघोस वाढ आता मिळत नाही. हा हौसेचा व्यवहार आहे असे समजूनच यात पडावे.

पाणीच का, असे तुम्ही विचाराल. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४,२०० जूल उष्णता लागते. एक लिटर हवेला जेमतेम सव्वा जूल. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साडेतीन हजारपट ओझे उचलते. ट्रॅक्टरच्या इंजिनाभोवती पाणी फिरवतात ते याच कारणाने. संगणकातही ही युक्ती नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेला ३०८१ हा मोठा संगणक पाण्यावरच गार राहत असे, आणि पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभा राहिलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड केला जातो.

पण इथे एक मोठा गैरसमज आहे, आणि पैसे वाया जातात ते त्याच्यामुळेच. पाणी म्हटले की आपल्याला माठ आठवतो. माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार होते, कारण ते पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. संगणकातले पाणी बंद नळ्यांत असते. त्याची वाफ होऊन निघून जायला वाटच नाही. ते प्रोसेसरपाशी उष्णता घेते, रेडिएटरमध्ये जाऊन खोलीतल्या हवेला देते आणि परत येते. सारांश, पाणी हमाल आहे, गारवा नव्हे. खोलीत ४० अंश असतील, तर नळीतले पाणी ४० च्या खाली कधीही जाणार नाही. ते ५० च्या घरात राहील आणि प्रोसेसर त्याच्याही वर तीस-चाळीस अंश. डिसेंबरात नाशिकला सुरळीत चाललेली जुळणी मे महिन्यात अकोल्याला रडू लागते, त्याचे कारण हेच. म्हणून हिशेब आपल्या गावच्या उन्हाळ्याचा करावा. थंड देशांतले लोक दाखवतात ते आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. कोणी पाण्यात बर्फ टाकण्याची कल्पना काढतात. पावसाळी दमट हवेत बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो प्रोसेसरवरच्या ठोकळ्याला फुटेल आणि थेंब मदरबोर्डावर पडतील.

तेव्हा पहिला आकडा रेडिएटरचा काढावा. एका १२० मिलिमीटर पंख्यामागचा रेडिएटर साधारण १०० वॅट आवाज न वाढवता वाहून नेतो, असा जाणकारांचा ढोबळ ठोकताळा आहे. वाढवलेला प्रोसेसर २५० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड २५० वॅट धरले, तर असे पाच भाग हवेत. एक तीन पंख्यांचा, एक दोन पंख्यांचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यासाठी मी एखादा जास्तच धरीन. मग पट्टी घेऊन पेटी मोजावी. रेडिएटरची जाडी ३० मिलिमीटर, पंख्याची २५, झाले ५५. एवढी जागा वरच्या बाजूला मेमरीच्या पट्ट्यांना न टेकता सापडते का? सामान घरी आल्यावर हे मोजणारे पुष्कळ असतात.

बाकी सामान म्हणजे प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, पंप, पाण्याची टाकी, नळ्या आणि जोडण्या. पहिल्या खेपेला मऊ नळीच घ्यावी. कडक नळी तापवून वाकवणे दिसायला सुंदर, पण ते सरावाचे काम. नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास जोडणीवर लिहिलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळला पाहिजे. गळती बहुधा तिथेच होते. पाणी आधी कुठे न्यावे, प्रोसेसरकडे की रेडिएटरकडे, यावर तरुण मंडळी हिरिरीने वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ४०० वॅट घेऊनही ते फेरीत दीड अंशानेसुद्धा तापत नाही. तेव्हा नळी जिथून सरळ आणि आखूड जाईल तिथून न्यावी. एकच पथ्य: टाकी पंपाच्या वर असावी आणि टाकीतून पाणी थेट पंपात उतरावे. पंप कोरडा फिरला की खराब होतो, हे विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला सांगायला नको.

धातूंचे पथ्य याहून महत्त्वाचे. विज्ञानाच्या पुस्तकात दोन धातूंच्या पट्ट्या द्रावात बुडवून विद्युत घट करून दाखवतात. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले, की नकळत तसाच घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. काही महिन्यांनी गाळ, मग अडथळा, मग गळती. स्वस्तातला रेडिएटर घेताना धातू कोणता हे विचारून घ्यावे. सगळीकडे तांबे, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेले तांबे असावे. पाणी बोअरचे तर नकोच नको. त्याचा पांढरा थर आपण बंबात पाहतोच. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे, याच कामासाठी मिळणारे औषध दिलेल्या प्रमाणात घालावे. शुद्ध पाणी वीज वाहत नाही, मग गळले तरी काय बिघडले, असा युक्तिवाद हुशार विद्यार्थी करतात. भरताना ते शुद्ध असते हे खरे. पण नळ्यांतून फिरता फिरता ते धातूचे कण आणि क्षार उचलते, शिवाय मदरबोर्डावर धूळ असतेच.

पाणी भरण्याच्या दिवशी घाई करू नये. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या विजेच्या जोडण्या काढून ठेवाव्या आणि केवळ पंपाला वीज द्यावी. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिपकागद ठेवावा. टाकी भरावी, पंप क्षणभर चालवून बंद करावा, पुन्हा भरावी. पेटी हळूच कलती करून बुडबुडे काढावे. मग पंप चोवीस तास चालू द्यावा. मधे वीज गेली तर तेवढे तास पुढे मोजावेत. टिपकागद चोवीस तास कोरडे राहिले तरच पुढे जावे.

गती वाढवताना शंभर मेगाहर्ट्झची एकेक पायरी चढावी, प्रत्येक पायरीला ठोके, व्होल्टेज, तापमान आणि खोलीचे तापमान वहीत टिपावे, आणि काही तास जड काम देऊन पाहावे. पंप बंद पडलाच तर आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या सुमारास आपणहून गती कमी करतात आणि शेवटी यंत्र बंद पडते, त्यामुळे आग लागण्याचे भय बाळगू नये. भय वेगळेच आहे. अति ताणलेला प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी तो चालू राहतो आणि चुकीचे उत्तर देतो. पडद्यावर सगळे ठीक दिसते, आणि बेरीज चुकलेली असते. शाळेच्या निकालपत्रकांचा, सोसायटीच्या हिशेबाचा संगणक म्हणूनच या खेळात आणू नये. त्याला तांब्याच्या नळ्यांचा आणि मोठ्या पंख्याचा साधा हवाई कूलर पुरतो, आणि तो कितीतरी स्वस्तही पडतो.

जुळणी करतानाच सर्वांत खालच्या जागी एक छोटी तोटी ठेवून द्यावी. वर्षातून एकदा पाणी बदलावे लागते, आणि तोटी नसली तर पेटी उलटी करून ते काढावे लागते. काढलेले पाणी काचेच्या पेल्यात उजेडाकडे धरून पाहावे. हिरवट दिसले, गढूळ झाले किंवा तळाशी कण बसले, तर नवे पाणी भरण्याआधी ठोकळा उघडून त्याच्या बारीक खाचा मऊ ब्रशाने साफ कराव्या.