गुन्ह्याची नोंद आणि जिल्ह्याची शीव

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांत माणगंगेच्या कांठीं वसलेलें म्हसवड हें श्रीसिद्धनाथाचें गांव. येथून सांगली जिल्ह्यांतील आटपाडी दूर नाहीं. सोलापूर जिल्ह्याची हद्दहि जवळच आहे. मार्गशीर्षांत रथयात्रेस आसपासच्या जिल्ह्यांतून लोक लोटतात. जिल्ह्याची शीव यात्रेकरूंना अडवीत नाहीं, आणि चोरांना तर मुळींच अडवीत नाहीं. तिच्याशीं अडून राहत असे ती पोलिसांची नोंदवही.

समजा, यात्रेंत एखाद्याची मोटारसायकल चोरीस गेली. फिर्याद म्हसवडच्या ठाण्यांत लिहिली गेली. पंधरा दिवसांनीं तीच गाडी आटपाडीच्या पोलिसांस बेवारस सांपडली, तर तिचा मालक त्यांस कसा कळावा? एक नोंद एका कपाटांत, दुसरी दुसऱ्या कपाटांत. आणि दोहोंमध्यें टपालाचा संथ प्रवास!

ही अडचण साऱ्या देशाची होती. गुन्ह्यांची माहिती एकत्र करण्यासाठीं १९८६ सालीं दिल्लीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला. परंतु ठाण्याठाण्यांतील दप्तरें एकमेकांशीं जोडलीं गेलीं नव्हतीं. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला आणि या उणिवेची निकड सर्वांस पटली. २००९ च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें दोन हजार कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तिचें नांव क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टिम्स. पोलीस तिला सीसीटीएनएस म्हणतात. सुमारें चौदा हजार पोलीस ठाणीं एका जाळ्यांत आणावीं, असा तिचा संकल्प होता.

तिची रीत समजण्यास सोपी आहे. ठाण्यांतील अंमलदार फिर्याद ठराविक नमुन्यांत संगणकांत उतरवितो. ती राज्याच्या माहितीकेंद्रांत जाते व तेथून राष्ट्रीय भांडारांत पोहोंचते. मग आटपाडीच्या अंमलदारानें गाडीचा क्रमांक घातला, कीं म्हसवडची फिर्याद त्याच्यापुढें उभी राहते.

मात्र यंत्रास जें दिलें असेल तेंच तें परत देतें. ‘सिद्धनाथ’ हेंच नांव रोमन लिपींत एकानें एका धकारानें, दुसऱ्यानें जोडाक्षरानें लिहिलें, तर एकाच माणसाचीं दोन माणसें होतात. आणि नामसाम्यामुळें दोन माणसांचा एकहि होऊं शकतो. म्हणूनच बोटांच्या ठशांस महत्त्व. त्यांचें पहिलें कार्यालय १८९७ सालीं कलकत्त्यास निघालें. त्यांचें वर्गीकरण सिद्ध करण्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वांटा होता. २०२२ सालीं देशभरच्या ठशांचा संगणकीय संग्रहहि सुरू झाला.

परंतु ठसा माणूस ओळखतो. त्याचा दोष ठरवीत नाहीं. दप्तरांतील नांव किती जाचक होऊं शकतें, हें म्हसवडच्या शेजारच्या सोलापुरानें पाहिलें आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरल्या. पुढें तो मुंबई इलाख्यास लागू झाल्यावर सोलापुरास अशा लोकांची तारेच्या कुंपणांतील वसाहत वसविण्यांत आली. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाहीं. मागासलेल्या व विमुक्त समाजांतील लोकांचीं नांवें गुन्हेगारांच्या इतिहासपत्रकांत यांत्रिकपणें चढविलीं जाऊं नयेत, याची दक्षता घेण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या मेमध्यें राज्यांस सांगितलें. जी चूक पूर्वीं एका कपाटांत राहिली असती, ती आज क्षणांत देशभर फिरते. अटकेची नोंद जितक्या तत्परतेनें होते, तितक्याच तत्परतेनें निर्दोष सुटकेचीहि झाली, तरच ही योजना न्यायाच्या कामीं आली असें म्हणतां येईल.

नागरिकाच्या हातीं कांहीं साधनें आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडला असला, तरी कोणत्याहि ठाण्यांत देतां येते. संगणकीय मार्गानें कळविल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीस वाचून दाखविली पाहिजे, आणि तिची प्रत त्यास विनामूल्य मिळाली पाहिजे. सही करण्यापूर्वीं नांव, तारीख व क्रमांक नीट पाहून घ्यावे. सहीनंतर तो कागद म्हसवडपुरता राहत नाहीं.