शाई पडण्याआधी

एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात मोबाइलवरचं वेबपान घटकाभरात कागदावर उतरतं. पण पडद्याला जी मुभा असते, ती कागदाला नसते. पडद्यावर फोटो उशिरा आला तर मजकूर निमूट खाली सरकतो. कागदावर मात्र शाई एकदा पडली की पडली.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २० सप्टेंबर २००६ रोजी ‘एक्सएचटीएमएल-प्रिंट’ हे मानक जाहीर केलं, ते याच अडचणीवर. मोबाइलसारख्या उपकरणानं ड्रायव्हरविना थेट साध्या, स्वस्त प्रिंटरला पान पाठवावं, ही त्यामागची कल्पना. अशा प्रिंटरकडे अख्खं पान साठवण्याइतकी मेमरी नसते, तो वरून खाली छापत जातो. म्हणून चित्राच्या टॅगमधली, म्हणजे पानाच्या कोडमध्ये चित्र दाखवणाऱ्या खुणेतली, रुंदी आणि उंची ही दोन अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्या खुणेला जोडलेले तपशील, इथे फार मोलाची. चित्र हाती यायच्या आतच त्याच्यासाठी किती जागा सोडायची, हे त्यांतून कळतं.

आणि न कळणारं काही समोर आलं तर? अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट असेल, तर ते पूर्ण सोडून द्यायचं. अ‍ॅट्रिब्यूट ओळखीचं पण किंमत अनोळखी असेल, तर ठरलेली मूळ किंमत धरायची. टॅगच अनोळखी असेल, तर त्याच्या आतला मजकूर मात्र छापायचाच! मला यातला विचार विलक्षण वाटतो. सजावट गळाली तरी चालेल, माणसानं लिहिलेले शब्द गळता कामा नयेत. उद्या जन्मणारा टॅग आजच्या यंत्रापुढे आला, तरी छपाई अडत नाही.

आपल्या लिपीपाशी तर याची खरी गंमत आहे. ‘लिफ्ट शनिवारी बंद राहील’ ही सोसायटीतली सूचना घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, मराठी आणि हिंदी ‘ल’चा क्रमांक एकच, ०९३२. पण आपला ‘ल’ पाकळीयुक्त, हिंदीत रूढ असलेला दंडयुक्त. आपल्या ‘श’ला देठ. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानंही हीच मराठी रूपं धरली. एकाच क्रमांकाला दोन चेहरे असतील, तर यंत्रानं निवडायचं कसं? भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘एमआर’ ही दोन अक्षरं असली आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असली, की पाकळ्यांचा ‘ल’ उमटतो. यंत्रानं ते अ‍ॅट्रिब्यूट ओळखलं नाही, तरी ‘ल’ हा ‘ल’च राहतो, फार तर दंड घेऊन येतो.

आता पानाची मांडणी बहुतेक वेळा फोनमधला ब्राउझरच करतो आणि प्रिंटरकडे तयार पान जातं. अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट सोडून मजकूर राखण्याचा नियम आता हा ब्राउझर पाळतो, आणि ‘एमआर’ ही दोन अक्षरं पान बनवणाऱ्यानंच लिहायची असतात.